शालीच्या कोपऱ्यातलं हिरवं फूल

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘संग्रहालयापासून पाच मिनिटं, कुटुंबासाठी परवडणारी सदनिका.’ पाच मिनिटं कोणाच्या पायांनी, ते लिहिलेलं नव्हतं. सदनिका तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, हेही लिहिलेलं नव्हतं. अब्बांचा हात धरून मी पहिल्या दिवशी तो जिना चढलो आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत जाहिरात लिहिणाऱ्याला मनातल्या मनात चार वेळा नापास केलं. मी मास्तर आहे. कन्नड गावातल्या शाळेत मराठी शिकवतो. राग आला की मला लाल पेन आठवतं.

आम्ही आलो होतो एक शाल बघायला. अब्बा तरुणपणी याच शहरात हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणायचे. पोलीस अ‍ॅक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं तेव्हाच, अब्बांच्या जन्माआधी, बडी गिऱ्हाइकं गेली होती. माग एकेक करून बंद पडत होते, तरी अब्बा बरीच वर्षं चिकटून राहिले. शेवटी कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ते कन्नडला आले आणि शिलाई मशीन घेऊन बसले. मागाचं नाव पुन्हा काढलं नाही. पण मागच्या वर्षी एका लग्नात त्यांचा जुना जोडीदार भेटला आणि जेवता जेवता म्हणाला, “तुझी शाल संग्रहालयात काचेत टांगलीय. कारखानदाराच्या नातवांनी दिली.”

त्या शालीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. शाल पुरी व्हायला एकच फूल राहिलं होतं, शेवटच्या रांगेतलं, कोपऱ्यातलं. तेवढ्यात हिरवं रेशीम संपलं. रंगाऱ्याचं दुकान बंद, शाल दुसऱ्या दिवशी द्यायची. अम्मी तेव्हा नवी नवरी. ती अब्बांना धाग्याच्या कांड्या भरून द्यायची. तिनं आपल्या लग्नाच्या ओढणीची किनार उसवली आणि त्यातलं रेशीम कांडीवर गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. त्यामुळं सगळी फुलं मेंदीच्या पानासारखी हिरवी आणि ते एकटं पोपटी. गिऱ्हाइकानं शाल घेतली नाही, ती कारखानदाराच्या घरीच राहिली आणि त्यानं आठवडाभर तोंड फुगवलं होतं.

अम्मी दोन वर्षांपूर्वी गेली. अब्बांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली फार दिवस टिकणार नाही. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना अब्बा एवढंच म्हणाले, “मला ते फूल बघायचंय.” मी तीन दिवसांची रजा टाकली. हॉटेलं पर्यटकांच्या दरानं होती, म्हणून ही सदनिका.

एस.टी.च्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर, अब्बांच्या तोंडात औरंगाबाद, गाडी एकच. सामान टाकून आम्ही लगेच निघालो. पाच मिनिटांचा रस्ता अब्बांच्या चालीनं पंचवीस मिनिटांचा झाला. फाटकाला कुलूप. सोमवार, संग्रहालयाची सुट्टी. वीस वर्षं मी मुलांना सांगत आलोय की सहलीला जाण्याआधी चौकशी करावी. आपणच लावलेल्या शिस्तीत आपणच सापडलो की दाद कोणाकडं मागायची? अब्बांना म्हटलं, “आता आलोच आहोत तर मकबरा बघू.”

“नक्को. तो लहानपणी रोज बघितलाय. तो कुठं जातोय?”

मंगळवारी सकाळी बूट घालून दारात उभे राहिलो तर घरमालकीण मावशी जिना चढून वर आल्या. तळमजल्यावर राहायच्या, आवाज मात्र तिन्ही मजल्यांचा. “मास्तर, आज पाणी येणार हाय. ड्रम भरून घ्या, मग जावा कुठं जायाचं तिथं.”

“किती वाजता येतं?”

“त्याचं काय सांगावं? आलं म्हंजे येतं. आठ दिसांनी येतंय, लई नखरे हायेत त्याचे. आणि वर चढत नाय. खालून बादल्यांनी न्यावं लागंल.”

या शहरात राहणाऱ्याला यात नवल नाही. इथं लग्नाची तारीख आणि पाण्याची तारीख एकत्र आली तर घरातलं एक माणूस लग्नाला जात नाही. पण मी पाहुणा होतो, भाडं मोजून आलेला, आणि मोरीत अर्धी बादली पाणी होतं. अब्बांना एकट्याला पाठवता येत नव्हतं आणि नळाला एकट्याला सोडता येत नव्हतं. आम्ही बसून राहिलो. अकरा वाजले, बारा वाजले. अब्बा खाटेवर टोपी घालून, तयारीनिशी बसलेले. दर अर्ध्या तासानं विचारायचे, “आलं का?” तिसऱ्या वेळी मी त्यांच्यावर खेकसलो. “मी आणणार आहे का पाणी?” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायचं सुचलं नाही.

पाणी तीन वाजता आलं. सोळा बादल्या वर नेल्या. ओल्या कपड्यांनीच अब्बांना घेऊन संग्रहालय गाठलं, तर खिडकीतल्या माणसानं घड्याळ दाखवलं. तिकीट नुकतंच बंद झालं होतं.

बुधवारी दुपारी बाराची परतीची गाडी होती. दहाच्या ठोक्याला आम्ही फाटकात. कापडाचं दालन शेवटचं, त्यात पंखा चालू आणि दिवा अजून लावायचा होता. पहारेकऱ्यानं बिचाऱ्यानं पळत जाऊन दिवा लावला. शाल समोरच होती. मी अब्बांना काचेपाशी नेलं. त्यांनी काचेला नाक टेकवलं, डोळे बारीक केले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

“ये तो उलटी है,” ते म्हणाले.

मी नीट पाहिलं. फुलांच्या जागी नुसत्या सुट्या धाग्यांच्या लडी होत्या. शालीची मागची बाजू लोकांकडं आणि पुढची भिंतीकडं. वर नीटस अक्षरात पाटी, ‘हिमरू शाल, उत्कृष्ट कारागिरी’. मी खालच्या कोपऱ्यात पोपटी शोधू लागलो. मागूनही रंग दिसायला हवा होता. पण वर्षानुवर्षांच्या दिव्यानं सगळ्या धाग्यांचा चहाचा चोथा झाला होता. हिरवं कुठलं आणि पोपटी कुठलं, काही कळायला मार्ग नव्हता.

माझं डोकं फिरलं. तीन दिवसांचा सगळा राग एकदम वर आला. कचेरीत जाऊन मी अभिप्रायाची वही मागितली आणि लाल पेनानं पानभर लिहिलं. तिथल्या बाईंनी ते शांतपणे वाचलं. त्या सज्जन होत्या. म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे. चूक आहे आमची. काचेची किल्ली साहेबांकडे असते आणि साहेब रजेवर आहेत. पण हे पान पुढं पाठवते. आठवड्याभरात शाल सुलटी होईल. तेव्हा परत या.”

परत यायचं म्हणजे पुन्हा रजा, पुन्हा तो जिना, आणि अब्बांचे डोळे. मी आणखी बोलणार होतो, तेवढ्यात मागून अब्बा आले, भिंत चाचपत. चारचौघांत ते मराठीच बोलतात.

“बाई, सुलटी केली की तिच्यावर हाच दिवा राहील का?”

“हो बाबा. दहा ते पाच.”

“मग नको. राहू द्या तशीच.”

मी म्हणालो, “अब्बा, यासाठीच तर आलोय ना आपण? तीन दिवस काय केलं मग?”

“ओरडू नको. ही बाजू दिव्यानं खाल्ली, तू बघितलंस. ती बाजू भिंतीकडं हाय, तिला उजेड लागलेला नाय. तुझ्या अम्मीचं फूल तिथं हाय तसं हिरवं असंल.” मग माझ्या हातातल्या पेनाकडं बोट करून म्हणाले, “तू लिहिलंय ते खोड.”

बाई माझ्याकडं बघत होत्या. मी वही पुढं ओढली. जन्मभर मुलांचं चुकलेलं खोडत आलो होतो. त्या दिवशी माझं स्वतःचं, एकही चूक नसलेलं पान ओळीमागून ओळ खोडलं. अब्बांनी वही हातात घेतली, अगदी नाकाशी धरली आणि वरपासून खालपर्यंत तपासली. एक ओळ अर्धी राहिली होती. तिच्यावर बोट ठेवून ते थांबले. मी तीही खोडली.

“चल,” ते म्हणाले. “गाडी सुटंल.”