मोशीच्या गच्चीवरून, अकराच्या आत

मी लष्कराच्या सिग्नल्समधला निवृत्त हवालदार. नोकरी डोंगरातल्या चौक्यांवर रेडिओ आणि टेलिफोन लाइन सांभाळण्यात गेली. आता मोशीत राहतो. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या युनिटच्या मंडळींनी आम्ही लढलो त्या डोंगराच्या पायथ्याशी एका दिवसापुरतं हॅम स्टेशन लावलं. जुन्या जवानांनी घरून कॉल करायचा, तिथे लढताना पडलेल्या एका साथीदाराची आठवण सांगायची. ते लिहून घेणार. वेळ ०९०० ते ११००.

०९१५ ला मी सेटवर बसलो. गच्ची लहान, म्हणून अँटेनाची तार पाण्याच्या टाकीभोवती वाकवलेली. मीटरवर एसडब्ल्यूआर तीन, हवा एकच्या जवळ. म्हणजे चौथा हिस्सा पॉवर अँटेनावरून परत येत होती आणि सेट स्वतःला वाचवायला उरलेली पॉवरही कमी करत होता. पलीकडचे मला स्पष्ट ऐकू येत होते. माझ्या कॉलला उत्तर नव्हतं.

१००५ ला खालच्या मजल्यावरच्या सुनंदाताई कांबळेंना बोलावलं. चाकणच्या कंपनीत टेस्टिंगला होत्या, लायसन्स त्यांचंही आहे.

"स्टब लावू," त्या म्हणाल्या. "केबल आहे का?"

"एकच तुकडा उरलाय."

स्टब म्हणजे अँटेनाच्या केबलला मधे जोडलेला केबलचाच तुकडा. जागा आणि लांबी बरोबर जमली की परत येणारी पॉवर थांबते. ताईंनी हिशोब करून जागा काढली. लांबी दोन मीटरला थोडी कमी. आम्ही मुद्दाम जास्त ठेवली. कमी झाली तर दुसरा तुकडा नव्हता.

१०३८. जोडणी झाली. मी मीटरवर, ताई कटर घेऊन.

"अडीच."

बोटभर कापलं.

"एक पूर्णांक आठ. अजून."

ताईंनी नखभर कापलं.

"एक पूर्णांक दोन. बस, ताई, बस."

१०५१ ला कॉल केला. लगेच पायथ्याच्या स्टेशनवरून सुभेदार शिंदेंचा आवाज आला.

"अरे, मोशी! फाइव्ह नाइन. खणखणीत येतोयस. कुणाबद्दल सांगतोस? ओव्हर."

ताईंनी टाळी वाजवली. मी खुर्चीतून उठलो आणि उभ्यानेच बोललो.

"लान्स नाईक विलास जगताप, राहणार दापोडी. वय तेवीस. गोळाबारीत लाइन तीनदा तुटली, तिन्ही वेळा तोच गेला. १४०५ ला लाइन जोडली. परत येताना पडला. लाइन संध्याकाळपर्यंत चालू होती. ओव्हर."