पुरी चेष्टा

बोरटाकळीच्या दूध संस्थेत धर्मराजकडं दोन कामं होती, एक पगाराचं आणि एक मानाचं. पगाराचं काम म्हणजे रोज सकाळी रांगेतल्या प्रत्येकाच्या दुधात लॅक्टोमीटर सोडायचा आणि पाणी किती ते चारचौघांत सांगायचं. मानाचं काम म्हणजे दर रविवारी संस्थेच्या टीव्हीवर जी हिंदी मालिका लागायची, तिच्यात कोण काय बोललं ते गावाला मराठीत सांगायचं. आठवडाभर त्याच्यावर दात धरणारी माणसं रविवारी त्याच्या तोंडाकडं टक लावून बसायची. धर्मराज जगायचा तो रविवारसाठी.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात पगाराचं काम आपोआप हलकं झालं. दोन वर्षं पाऊस फिरकला नव्हता, विहिरींनी तळ दाखवला होता आणि दुधात घालायलासुद्धा गावात पाणी उरलं नव्हतं. त्यामुळं बोरटाकळीचं दूध कधी नव्हे इतकं शुद्ध निघू लागलं, फक्त ते सगळं मिळून दीड कॅन भरायचं. चेअरमन विठ्ठलराव सभेत म्हणाले, "गुणवत्तेत आपली संस्था लई वर गेली," आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून रागावून बसले.

मालिकेचं नाव होतं 'महामात्य'. सुबाहु नावाचा एक फाटका माणूस शून्यातून राज्य उभं करतो, एका पोराला हाताशी धरून राजा करतो, स्वतः त्याचा महामात्य होतो, कायदे लिहितो, धान्याची कोठारं बांधतो, अशी ती गोष्ट. टीव्हीला वीज नसली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. गाव सतरंजीवर बसायचं आणि टीव्हीशेजारी एक लोखंडी खुर्ची असायची, ती धर्मराजची. चेअरमनसुद्धा सतरंजीवर, मग बघा!

त्याचं हिंदी आलं कुठून, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "आमी हैदराबादेत राहून आलोत." राहिला होता खरा, चुलत्याबरोबर शेळ्या विकायला गेलता तेव्हा, मोजून नऊ दिवस. तेवढ्यात "कित्ते को देते" आणि "नक्को" एवढं पक्कं झालं होतं. पण महामात्याचं हिंदी शेळ्यांच्या बाजारातलं नव्हतं, ते होतं भारदस्त, संस्कृताच्या वळणाचं. आणि गंमत अशी की धर्मराजला तेच जास्त सोपं वाटायचं. कारण त्यातले सगळे जड शब्द मराठीतच होते! ते उचलायचे आणि पुढं सरकवायचे, एवढंच काम.

एकदा महामात्य म्हणाला, "राजकुमार को उत्तम शिक्षा दी जाए." धर्मराजनं सांगितलं, "पोराला चांगली शिक्षा करा म्हणतोय." पुढच्याच प्रसंगात राजपुत्र गुरुजींपुढं पाटी घेऊन बसलेला दिसला. धर्मराज क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "हीच शिक्षा." शाळेत गेलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मालिका संपली की मतं मांडायची. हा भाग मालिकेपेक्षा लांब चालायचा. दिल्लीहून पडद्यावर पत्ता दाखवत, प्रेक्षकांनी आपलं मत कळवावं म्हणत, आणि बोरटाकळीला कुणी मत विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. मतदान धरलं तर गोष्ट वेगळी. रामहरीचं म्हणणं, नांगराला जुंपलेले बैल खोटे. "त्येंच्या अंगावर धुरळा न्हाई. बाजारात इकायला धुतलेलं बैल हायेत ते." विठ्ठलरावांना राग वेगळाच. "तळं खांदाया निघाला, पर ठराव कुठंय? सूचक कोण, अनुमोदक कोण? असं कुठं राज्य होतं व्हय?" धर्मराजची बायको सुभद्राबाई हिला तेरा भाग झाले तरी एकच शंका छळत होती, की ह्या माणसाची ती एकच शाल धुतं कोण. आणि चैत्रात ऊसतोडीहून परतलेली मंजुळाबाई, जिची अर्धी मालिका कर्नाटकातल्या फडात बुडाली होती, ती एकच भाग बघून म्हणाली, "ह्येच्या हाताला घट्टा न्हाई. राज्य दुसऱ्यानंच बांधलंय." धर्मराज ही सगळी मतं पोस्टकार्डावर बारीक अक्षरात लिहून दिल्लीला धाडायचा.

मग तो चौदावा भाग आला. मालिकेतही दुष्काळ पडला. भेगाळलेली जमीन, रडणारी माणसं. अख्खी बोरटाकळी पुढं सरकून बसली, की आता हा शहाणा माणूस काय करतो ते बघू. महामात्य उंच दगडावर चढला, हात वर केला आणि म्हणाला, "प्रजाजनो, मैं जल लाने की पूरी चेष्टा करूँगा."

सगळ्यांनी धर्मराजकडं बघितलं. धर्मराजला ते सांगणं जिवावर आलं. पण खुर्चीचं काम म्हणजे काम.

"पाण्यावरून तो आपली पुरी चेष्टा करणार म्हणतोय," त्यानं सांगितलं.

काय संताप झाला म्हणता! रामहरीनं चप्पल उचलली, पण टीव्ही संस्थेचा आहे हे आठवून ती खाली ठेवली. त्या रविवारी पोस्टकार्डावर एकच मत गेलं: दुष्काळी लोकांची चेष्टा करणारा महामात्य बोरटाकळीला मान्य नाही. पुढच्या भागात महामात्य स्वतः कुदळ घेऊन तळं खणताना दिसला, तेव्हा धर्मराजनं खुलासा केला की हे दाखवायला आहे. ते सगळ्यांना पटलं, कारण भूमिपूजनाची कुदळ गावानं चार वेळा बघितली होती आणि तळं एकदाही नाही.

आणि अशातच बीडहून, जिल्ह्याच्या गावाहून, दुष्काळ पाहणीला एक साहेब आले. तरणे, गोरे, उत्तरेकडचे, मराठी न येणारे. विठ्ठलरावांनी तडक धर्मराजला पुढं काढलं. धर्मराजनं इस्त्रीची टोपी घातली. सुभद्राबाईनं लांबून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. गावात तेवढंच होतं म्हणा.

साहेब संस्थेच्या ओट्यावर चढले, घाम पुसला आणि मनापासून बोलले, "मैं आपके गाँव में पानी लाने की पूरी चेष्टा करूँगा."

धर्मराज हादरला. इतक्या लोकांपुढं, इतक्या उघड? साहेबांना सावरून घ्यावं असं त्याला वाटलं. पण गावानं ते शब्द स्वतःच ओळखले होते. "ऐकलं का, ह्यो बी तेच म्हणतोय!" रामहरी ओरडला. गलका झाला. साहेब गोंधळले आणि धर्मराजला म्हणाले, "क्या बात है? किसी को आपत्ति है?"

"कुणावर आपत्ती हाय का, असं इचारतेत साहेब," धर्मराज म्हणाला.

आता मात्र कहर झाला. मंजुळाबाई पदर खोचून पुढं आली. "आपत्ती हाय का म्हणतोय? चल बाबा, दावते तुला." आणि कार्यक्रमात दौरा रस्त्याकडेच्या एका शेतापुरताच लिहिलेला असताना साहेबांना सगळ्या गावानं मधे घालून विहिरीवर नेलं. साहेबांनी वाकून बघितलं. तळाला चार बाया वाटीनं गढूळ पाणी घागरीत भरत होत्या. एक घागर भरायला दोन तास लागायचे. साहेबांनी खिशातली डायरी काढून काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "गुरुवार तक टैंकर आ जाएगा." याला धर्मराजची गरज लागली नाही.

गावानं धर्मराजला जवळजवळ उचललंच. त्यानं आपत्ती बरोबर सांगितली म्हणून साहेब विहिरीपर्यंत आले, नाहीतर जीपमधूनच गेले असते. विठ्ठलराव म्हणाले की अभिनंदनाचा ठराव मांडतो. धर्मराज फुलून गेला होता, तोच साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर, बीडचाच माणूस, त्याला बाजूला घेऊन हसत म्हणाला, "आप्पा, हिंदीत चेष्टा म्हंजी प्रयत्न. थट्टा न्हाई. आन् आपत्ती म्हंजी हरकत. साहेब इचारत हुते, कुणाची हरकत हाय का."

जीप गेली. धर्मराज टोपी हातात घेऊन तिथंच उभा राहिला.

पुढचे चार दिवस त्याला भाकर गोड लागली नाही. चौदाव्या भागापासून त्यानं एका भल्या माणसाला गावाच्या शिव्या खायला घातल्या होत्या. बरं, तेही सोडा, महामात्य काही बोरटाकळीत येणार नव्हता. पण गावाला हे कळलं तर ती खुर्ची गेली. मग तो नुसता दुधात पाणी शोधणारा धर्मराज. "कावून जेवत न्हाईत?" सुभद्राबाईनं विचारलं. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मंग सांगा की गावाला. नाव काय ठिवलंय आईबापानं तुमचं!"

गुरुवारी सगळं गाव घागरी घेऊन फाट्यावर बसलं. टँकर आला नाही. शुक्रवारी बसलं, शनिवारी बसलं. शनिवारी बीडला गेलेला एकजण सांगत आला की साहेबांची बदली झाली.

रविवारी मालिका लागली, तसा धर्मराज खुर्चीजवळ गेला पण बसला नाही. "नारायणगडाची शप्पत घेऊन सांगतो," तो म्हणाला, "मला हिंदी येत न्हाई. मी नऊ दिवस शेळ्या इकल्यात. चेष्टा म्हंजी थट्टा न्हाई, चेष्टा म्हंजी प्रयत्न. महामात्यानं पाणी आणायचा पुरा प्रयत्न करतो म्हणलं हुतं. आन् साहेबानं बी. माजी चूक झाली. खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बशिवा."

पडद्यावर घोडे पळत होते, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी मंजुळाबाईनं विचारलं, "आप्पा, टँकर आला का?"

"न्हाई."

"यील का?"

धर्मराजनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग तुमचाच अर्थ खरा हाय की वो," मंजुळाबाई म्हणाली. "त्या डायवरला कुठलं आलंय हिंदी? बसा गुमान खुर्चीत."

"बसा, बसा," रामहरी म्हणाला. विठ्ठलरावांनी अनुमोदन दिलं.

धर्मराज बसला. खुर्ची राहिली होती, मान राहिला होता, आणि त्याला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आपलं हिंदी एकदा तरी चुकीचं निघावं, असं त्याला आतून वाटत होतं. पडद्यावर महामात्यानं पुन्हा दगडावर चढून हात वर केला आणि काहीतरी लांबलचक बोलला.

"काय म्हणतोय, आप्पा?" सतरंजीवरून प्रश्न आला.

"तेच," धर्मराज म्हणाला.