अकरा वर्षांची गोळी

माझी आत्या सुमित्रा गेल्या महिन्यात, मंगळवारी दुपारी चार वाजता, फुलचूरच्या घरी हृदयविकाराने गेली. वय एकाहत्तर.

आतोबा वारले तेव्हा डॉक्टरांनी तिला दहा दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली होती. ती अकरा वर्षं चालली. चिठ्ठी तीच, दुकानदार ओळखीचा. शेजारणीला झोप आली नाही तर आत्या तिलाही एखादी काढून द्यायची, विरजण द्यावं तशी. दिवसा ती गुंगीत असायची. ते वयाचं असेल असं आम्ही धरून चाललो होतो. नात चार महिन्यांची असताना एका सकाळी आत्याला बसल्याबसल्या डुलकी लागली आणि बाळ मांडीवरून घसरलं. खाली गोधडी होती, इजा झाली नाही. सून वर्षाने बाळ उचललं... आणि त्यानंतर आत्याच्या मांडीवर दिलं नाही. कामावर जाताना ती बाळाला माहेरी सोडू लागली.

आत्याने त्याच दिवशी सगळ्या गोळ्या मोरीत टाकल्या. चौथ्या दिवशी हात थरथरू लागले, जीव घाबरा झाला. मी तिला कुडव्याच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"एकदम काऊन बंद केली, मावशी?"

"जहर होय ना ते?"

"जहर नाही. दुःखाचे पहिले दिवस काढायला चांगली आहे. दहा दिवसांची गोळी अकरा वर्षं चालली, ते चुकलं. आता पायरीपायरीनं उतरायचं."

गोळी पुन्हा सुरू झाली आणि दर काही आठवड्यांनी पाव-पाव हिस्सा कमी करायचं ठरलं. दुकानातल्या कटरखाली गोळीचा चुरा व्हायचा. आत्याने विडीचं पान कापायची कैची काढली. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी डबीतले एकसारखे तुकडे पाहिले.

"मशीन आणली का हो मावशी?"

"तेंदूची पानं कापू कापू जनम गेला, बाई. हे तं गोळीच होय."

दीड वर्ष लागलं. दोनदा मात्रा परत वाढवावी लागली. दुसऱ्यांदा मी म्हणालो, राहू दे आत्या, या वयात...

"वयाले काय होते? पोरगी चालून राहिली, अन् मी पाहातच राहू?"

गोळी पूर्ण सुटली तेव्हा नात दोन वर्षांची होती. गोळी मागायला येणाऱ्या शेजारणींना आत्या डॉक्टरबाईंचा पत्ता सांगू लागली.

गेल्या वर्षी वर्षाला मुलगा झाला. आत्या गेली त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला वर्षा त्याला आत्याच्या मांडीवर देऊन बाजारात गेली. बारा वाजता परतली तेव्हा बाळ झोपलेलं होतं. आत्या जागी होती.