श्रीपादची पिवळी गोळी

श्रीपाद टिपणीस अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. हात इतका स्वच्छ की साहेब लोक त्याचंच ड्रॉइंग मागत. १९८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याला शौचावाटे रक्त पडू लागलं. मूळव्याध असेल म्हणून चार महिने त्यानं कुणाला सांगितलं नाही. पुढं दिवसातून दहा-बारा वेळा बोर्ड सोडून पळावं लागलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या शशिकांतनं त्याला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं. दुर्बीण घालून तपासलं. मोठ्या आतड्याला आतून व्रण झाले होते. अल्सरेटिव्ह कोलायटिस.

आधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं. आठ दिवसांत रक्त थांबलं. पण महिन्याभरात चेहरा पुरीसारखा फुगला, झोप उडाली, आणि जेवून उठल्यावर पुन्हा भूक लागायची. तरी ह्याच गोळ्या चालू ठेवा म्हणून श्रीपादनं गळ घातली.

"ही आग विझवायची गोळी," डॉक्टर म्हणाले. "रोज घेत बसलात तर हाडं पोकळ होतील."

ती हळूहळू कमी करून सल्फासॅलाझिन सुरू झालं. दिवसाला आठ मोठ्या पिवळ्या गोळ्या. डोकं दुखे, मळमळे, लघवी नारिंगी होई. पण दुखणं उलटलं नाही. श्रीपाद पुन्हा माणसांत आला.

१९८७ साली वृंदाचं स्थळ आलं. ती उल्हासनगरच्या एका शाळेत शिकवायची. पहिल्याच भेटीत त्यानं सांगून टाकलं, "मला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागणार. कुणाकडे जेवायला गेलो तर आधी संडास कुठाय ते बघतो."

"बघत जा की," वृंदा म्हणाली. "त्यात काय."

लग्न झालं, बदलापूरला शिरगावात दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. मूल मात्र होईना. सात वर्षांत वृंदाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, क्युरेटिंग झालं, सोमवार झाले. श्रीपादची आई कुमुदिनीबाई तशा वाईट नव्हत्या, पण कुणाच्या डोहाळजेवणाला निघाल्या की वृंदाला म्हणायच्या, "तू नको येऊस, उगाच कुणी बोलायला नको." श्रीपादची तपासणी कुणी सुचवली नाही. खरं सांगायचं तर त्यानंही सुचवली नाही.

१९९४ साली वृंदा उल्हासनगरच्या डॉक्टर लालवानीबाईंकडे गेली. त्यांनी तिची जाडजूड फाइल चाळली आणि बाजूला ठेवली.

"ये सब तुम्हारा है. मिस्टरांचं काय?"

"त्यांना काही नाही. पोटाचं दुखणं आहे, त्याच्या गोळ्या चालू असतात."

"कौनसी गोली?"

वृंदानं नाव सांगितलं. बाईंनी श्रीपादला बोलावून तपासणी करायला लावली. शुक्राणू फार कमी निघाले.

"ह्या गोळीत दोन भाग असतात," बाईंनी समजावलं. "एक आतड्यावर काम करतो, दुसरा सल्फाचा, त्याला तिथपर्यंत पोचवतो. मळमळ, डोकेदुखी बहुतेक त्या सल्फामुळे. और ये स्पर्म कम होना भी. बंद केली की दोन-तीन महिन्यांत सुधारतं. आता नुसत्या पहिल्या भागाची गोळी मिळते, मेसालामाइन. पण तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना विचारूनच बदला."

बाहेर पडून दोघं विठ्ठलवाडी स्टेशनच्या दिशेनं चालू लागले. श्रीपाद म्हणाला, "सात वर्षं तू सुया टोचून घेतल्यास."

"ते राहू द्या. जुनी सोडलीत आणि दुखणं उलटलं तर?"

हाच प्रश्न त्यानं मुंबईच्या डॉक्टरांना विचारला. "नवी जास्त गुणकारी आहे असं नाही," ते म्हणाले. "जवळपास तेवढीच. सोसते चांगली. ज्याला जुनी सोसते त्याची मी बदलत नाही. तुम्हाला मात्र कारण आहे."

त्या संध्याकाळी श्रीपाद आईसमोर पाट ओढून बसला. "आई, दोष वृंदात नव्हता. माझ्या औषधात होता." कुमुदिनीबाईंनी निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली. मग उठल्या, आत गेल्या आणि वृंदाच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

नव्या गोळीच्या तिसऱ्या आठवड्यात रक्त दिसलं. श्रीपादचा धीर सुटला, जुनी बाटली त्यानं फडताळातून खाली काढली.

"घ्यायची तर घ्या," वृंदा म्हणाली. "मूल नसलं तरी चालेल, मला तुम्ही हवे आहात. पण आधी डॉक्टरांना फोन करा."

डॉक्टरांनी मात्रा वाढवली. पंधरा दिवसांत पोट शांत झालं. पुढच्या वर्षी मुलगी झाली, नीलिमा.

दुखणं काही गेलं नाही. १९९८ साली एकदा जोरात उलटलं, महिनाभर रजा पडली. पण श्रीपाद सावरला, कामावर गेला. आणि शाळेत एखादी नवी बाई मूल होत नाही म्हणून डोळे पुसू लागली की वृंदा तिला चहा देते आणि पहिल्यांदा एवढंच विचारते, "मिस्टरांना तपासलंय का गं?"