गुरम्माच्या स्लॅबवरचे अँटेने

मयत असो, लगीन असो, नाहीतर ग्रामपंचायतीची दवंडी. गावात भोंगे उमाशंकर माइकवाल्याचेच. बापानं बैलगाडीला भोंगा बांधून धंदा काढला, ह्यानं टेम्पोला बांधला, एवढाच फरक. निलंग्याच्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांचे शिवनाम सप्ते त्याच्याकडं होते. पण घरच्या गावात फजिती झाली की बाकीची गावं आपोआप दुसरा माइकवाला बघतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अवंदा उदगीरकडचे महाराज आले, ते एका जागी उभे राहणारे नव्हते. दृष्टांत रंगात आला की चालत थेट बायांच्या बैठकीत जायचे न् एखादीला विचारायचे, "माय, सून बोलली का आज तुझ्याशी?" त्यांच्यासाठी उमाशंकरनं लातूरहून बिनवायरचा माइक आणला. पण देवळापुढच्या मंडपाला वर पत्रे, मधी लोखंडी खांब, आणि माइकचा आवाज धरणारा डबा पार मागं, मशीनजवळ. महाराज बायांत शिरले की आवाज तुटायचा. अर्धं वाक्य महाराजांचं, अर्धी खरखर. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

लातूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, "डब्याच्या मागच्या दोन शेपट्या फिरवून काढा. तिथं वायर जोडा, न् बाहेरचे दोन अँटेने उंच टांगा. मग तुटला आवाज तर मला सांगा."

उंच म्हणजे देवळाचं शिखर. उमाशंकर शिडी घेऊन निघाला तर देवळाचे कारभारी सिद्धराम अप्पा आडवे आले.

"कळसाच्या वर काय जायचं न्हाई. माणूसबी न्हाई, काठीबी न्हाई."

राहिला शेजारचा, गुरम्माचा स्लॅब. तिथून मंडपाची उघडी बाजू सरळ दिसायची. गुरम्मानं कुरडया वाळत घातल्या होत्या.

"चढ बाबा. पण कुरडईवर पाय पडला तर तुला न् तुझ्या अँटेन्याला संगटच खाली टाकीन."

पाय चोरत त्यानं कठड्याला बांबू बांधला, बांबूला अँटेने.

त्या दुपारचं कीर्तन असं खणखणीत झालं की महाराजांचा श्वाससुद्धा वेशीपर्यंत ऐकू गेला. उमाशंकर निवांत होऊन चहाला गेला. इकडं महाराजांनी माइक बंद केला न् पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, "वरपक्षाच्या पाव्हण्यांनी बसून घ्यावं. पंगत लागलेली हाय. ऊटक्क बर्री, ऊटक्क बर्री."

सीमेवरचं गाव. जेवायला या म्हणलेलं मराठीत कळलं न्हाई तर कानडीत कळतं. गड्यांची मागची रांग उठली. "आज प्रसाद लौकरच काढला म्हणायचा," म्हणत एकानं चप्पलबी घातली. महाराज तांब्या हातात धरून भोंग्याकडं बघत राहिले.

उमाशंकर पळत आला, तोवर महाराज बोलायला लागले होते न् सगळं नीट. त्यानं वायरी हलवल्या. बटणं पिळली. पुढच्या रांगेतल्यांचे मोबाइल बंद करायला लावले. मग महाराजांनी माइक बंद करून घाम पुसला, न् भोंगा म्हणाला, "चिरंजीव अनयच्या मामांनी ताबडतोब स्टेजजवळ यावं."

"महाराज, शंकराच्या कथेत मामा कुठून आला ओ?" बायांतून कुणीतरी विचारलं.

कीर्तन उरकल्यावर अप्पा जवळ आले. "काय करायलास उमाशंकर? उद्या शेवटचं कीर्तन हाय. जमत नसंल तर आत्ताच सांग. निलंग्याचा साउंडवाला मी बोलून ठेवलाय."

उमाशंकरनं मोटारसायकल काढली. लगीन कुठलं, हे शोधायला लांब जायचं नव्हतं. रोडवरच्या मंगल कार्यालयात मांडव होता. तिथं शेजारगावचा निवृत्ती साउंडवाला बसला होता, न् त्याच्यापुढं तसाच काळा डबा. त्याच दुकानातला.

"आमचा महाराज तुझ्यातून बोलला का रं?"

"न्हाई बा. का?"

"तुझी पंगत माझ्या कीर्तनात बसली. तू माझ्याकडं येतोस, मग मी तुझ्याकडं का न्हाई येत?"

निवृत्तीनं सगळी हकीकत ऐकली न् पोट धरून हसला. "तू कान उंच टांगलास, तोंड न्हाई. कानाला काय, जे येईल ते ऐकतंय."

"मग तुझा माइक दुसरीकडं फिरव."

"ह्याच्यात एकच चॅनल हाय. तुझ्यातबी एकच. न् उद्या हितं परत लगीन हाय."

परत येताना उमाशंकरचं डोस्कं गरगरत होतं. अँटेना काढावा तर महाराज तुटतात, ठेवावा तर पाव्हणे येतात. लांबचं नीट ऐकू येतं हा दोष कसा, हे काही उमगेना. एवढंच ध्यानात आलं की दोन्ही बारीला महाराजांचा माइक बंद होता. चालू असला की जवळचा आवाज लांबच्याला दाबून टाकायचा.

तो थेट महाराजांकडं गेला. "शरणार्थ महाराज. उद्या माइक बंदच करू नका."

"मग मी खोकलो, पेटीवाल्याला बोललो, ते गावाला ऐकवू?"

हेबी खरंच होतं.

शेवटच्या दिवशी उमाशंकर मशीनपुढं मांडी घालून बसला. चहा न्हाई, तंबाखू न्हाई. उजव्या हाताची दोन बोटं आवाजाच्या बटणावर, डोळे महाराजांच्या तोंडावर. ओठ मिटून अंगठा माइकच्या बटणाकडं निघाला की हा आवाज खाली घ्यायचा. ओठ हलले की वर. एकदा महाराज बायांत खांबाआड गेले तर हा बसल्या बसल्या कंबरेतून वाकडा झाला. एकदा चुकलाच, न् 'नवरीकडच्या' एवढं भोंग्यातून निसटलं. पण पुढचं त्यानं भोंग्याला आतल्या आत गिळायला लावलं. कुणी उठलं न्हाई.

प्रसादाच्या पंगतीत अप्पा त्याच्या पत्रावळीपुढं थांबले. "पुढल्या सालाचं तुझ्याकडंच," एवढं बोलून पुढं गेले.

महाराजही खुशीत होते. "कीर्तनभर नजर हलली न्हाई तुझी. एवढं मन लावून ऐकणारा माइकवाला मी बघितला न्हाई. आजचा दृष्टांत कसा वाटला?"

उमाशंकरनं खिरीचा द्रोण खाली ठेवला.

"कुठला दृष्टांत, महाराज?"