पाठमोरे उस्मानसर

उस्मानसर वर्गाकडे पाठ करून शिकवायचे. मूल फळ्याशी गेलं की सर खिडकीशी जाऊन उभे राहत, नजर बाहेर रस्त्यावर. "तोंडानं बोल, हातानं लिही. मी ऐकून राहिलो," एवढंच म्हणत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो उर्मटपणा वाटला. विचारलं, तर म्हणाले, "जाधवसर, समोर थांबलो की पोरगं माझं तोंड वाचतं. भुवई हलली की पायरी बदलतं. तोंड वाचायला शिकवायचं असंल तर वेगळी फी घ्या की!"

लातूरला माझे क्लासेस आहेत. सर तिथं गणिताला होते. मूळचे उमरीचे. लग्न केलं नाही. बहीण होती तोवर सुट्टीला गावी जायचे. ती गेल्यावर सुट्टीच्या दिवशीही क्लासमध्येच येऊन रिकाम्या बाकांसमोर बसायचे. अंगात पांढरा सदरा, हातात बडीशेपेची पितळी डबी. "सुपारी सुटली, डबी सुटंना," म्हणायचे.

बक्षिसांवर माझा फार विश्वास. गणिताच्या वर्गाच्या दारात मी काचेचं कपाट आणून ठेवलं. वर घड्याळं, खाली लाल सायकल. चाचणीत पहिला येईल त्यानं न्यावं. पोरं वेळेवर येऊ लागली, पुढच्या बाकासाठी भांडू लागली. मला वाटलं, जिंकलो. पण सोप्या बेरजा चुकायला लागल्या. जळकोटची एक हुशार मुलगी गणिताच्या मध्येच थांबली आणि विचारती झाली, "सर, एवढं आलं की घड्याळ माझंच ना?" पुढची पायरी तिला आलीच नाही.

सर माझ्याकडे आले. "कपाट जिन्याखाली ठेवा ना. पोरं अपूर्णांक सोडवता सोडवता सायकलवर बसून राहिलीत. उत्तराला घाई न्हाई, ह्यांनाच लई घाई."

मी कपाट हलवलं नाही. उलट मनात धरलं. कारण पालक कपाटाबद्दल कधी विचारत नसत. "उस्मानसरांच्या बॅचला टाका," म्हणत. क्लास माझा, पाटीवर नाव माझं, फ्लेक्सवर फोटो माझा. तरी फळ्याशी गांगरणारं पोर त्यांच्या पाठीमागे सुरळीत चालायचं. यामागे काय आहे, ते शोधायला मी केबिनमध्ये वर्गातल्या कॅमेऱ्याचा पडदा लावून बसू लागलो.

आणि सापडलं. मूल बोलत बोलत गणित सोडवत असताना सर अंगठ्यानं डबी उघडत. पायरी बरोबर पडली की झाकण लागे. टक. तेवढ्यानं पोराचे खांदे सैल व्हायचे, खडू पुढे धावायचा. पायरी चुकली तर डबी उघडीच राहायची, आणि पोर आपणहून मागे वळून आकडे तपासायचं. मी एकेका पोराला बाजूला घेऊन विचारलं, "बरोबर चाललंय हे तुला कसं कळतं?" सगळी म्हणाली, "आपोआप." डबीचं नाव कुणीच काढलं नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि सरांनाही.

हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी चहाच्या वेळी, सगळे शिक्षक जमले असताना, मी हसत म्हणालो, "उस्मानसर, पाठ कशाला फिरवता? इशारा तर तुमची डबी देते! वाजली की बरोबर, न्हाई वाजली की चूक. कॅमेऱ्यात सगळं दिसतंय."

हशा झाला. सरही हसले आधी. मग हातातल्या डबीकडे बघत राहिले.

"मी वाजवतो?"

"दर पायरीला."

"कसम सांगतो जाधवसर, मला ठाऊक न्हाई."

"पोरांना बरोबर ठाऊक आहे," मी म्हणालो.

ते खोटं होतं. सरांनी डबी टेबलावर ठेवली आणि वर्गावर गेले.

त्यानंतरचं मी पडद्यावर पाहिलं. सर खिडकीशीच उभे, हात पाठीमागे. अंगठा हवेत हलायचा. ते लक्षात येताच सर हात खिशात घालत. तेवढ्यात पोराचं बोलणं निसटायचं. "काय म्हणलास बेटा? पुन्हा बोल." असं ते पूर्वी कधी म्हणाले नव्हते. पोरं अर्ध्यात थांबून त्यांच्या पाठीकडे बघायची. सहामाहीच्या आधीच सर म्हणाले, "मला मोकळं करा. अर्धं ध्यान हातावर पहारा करतंय. उरलेल्या अर्ध्यात शिकवणं होत न्हाई." मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

कित्येक वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. गेल्या वर्षी, त्या दिवशी टेबलावर राहिलेली ती डबी घेऊन उमरीला गेलो. सर ओट्यावर एकटेच बसले होते. खूप वाळले होते. चहा त्यांनी स्वतः केला.

"सर, त्या दिवशी मी खोटं बोललो. पोरांना ठाऊक नव्हतं. मी विचारून घेतलं होतं आधी. जळत होतो तुमच्यावर."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग त्यांना जे आलं, ते त्यांचं त्यांनाच आलं होतं?"

"त्यांचं त्यांनाच."

"मी इतकी वर्षं समजून राहिलो, पोरांना चोरी शिकवली." आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. मी डबी पुढे केली. त्यांनी अंगठ्यानं उघडली, लावली. टक. मला अगदी तस्साच आवाज वाटला. त्यांनी मान हलवली.

"न्हाई. आता पोरगं न्हाई, डबीच ऐकून राहिलो मी." डबी माझ्या हातात परत दिली. "ठेवा तुमच्यापाशी."

त्याच हिवाळ्यात सर गेले. शेजाऱ्यांचा फोन आला तोवर माती झालेली होती.

कपाट आता मोठं केलंय. आत मोबाईल असतात. संध्याकाळी क्लास सुटला की मी केबिनमध्ये बसतो, समोरच्या पडद्यावर रिकामे वर्ग. डबी खणात आहे, उघडी. कधी लावावीशी वाटते. पण माझी कोणती पायरी बरोबर आली म्हणून लावू?