न पाहिलेलं पाणमांजर

मी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातो आणि राहतो पेणजवळ, खाडीकडच्या गावात. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. आता दिवसा झोपायचं आहे हे शरीराच्या लक्षात येईपर्यंत पुढची शिफ्ट लागलेली असते. माझी झोप कधी पुरी होत नाही आणि माझं डोकं कधी जागेवर नसतं, असं बायको म्हणते. ती खोटं बोलत नाही. या सगळ्यात नऊ वर्षं मी एकच गोष्ट नेटानं केली. एक भगत वाढवला.

भगत म्हणजे खेळातला. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि तोंड, एवढ्यावर आम्ही हा खेळ खेळतो. एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. माझा माणूस म्हणजे पुस्तकातला ड्रुइड, रानातला मांत्रिक, जनावराचं रूप घेणारा. ड्रुइड हा शब्द कोणाच्या तोंडात बसेना म्हणून पहिल्याच रविवारी त्याचा भगत झाला. गोष्ट चालवणारा माझा शाळेपासूनचा मित्र. पेणमध्ये एका गणपतीच्या कारखान्यात तो आखणीवाला आहे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. बाकी दोघं म्हणजे पेणच्या शाळेतली एक मास्तरीण आणि रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावचा एक मेडिकलवाला. मास्तरीण खेळात चोर होती आणि मेडिकलवाला तलवारवाला. सुट्टी जुळेल त्या रविवारी दुपारी आम्ही कारखान्यात, रंगाच्या डब्यांमध्ये, पाटावर बसायचो.

भगत वाढवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. नवशिके आधी ताकद वाढवतात. हा शुद्ध गाढवपणा आहे. म्हैस झालात की ताकद म्हशीची असते, तुमची कोण विचारतो? वाढवायचं ते शहाणपण आणि दम. मंत्र धरून ठेवायची एकाग्रता तर सगळ्यात आधी, कारण मार बसला की पहिली तीच सुटते. जनावराचा जीव संपला की तुम्ही मरत नाही, आपल्या मूळ अंगात परत येता, आणि ते मूळ अंग जसं दुखत होतं तसंच दुखत असतं. हे मला फार खरं वाटायचं. खेळात माणूस वीस पायऱ्यांपर्यंत चढतो. दहाव्या पायरीला माती, पाणी, वारा, आग यांची रूपं मिळतात. पण खरी मजा अठराव्या पायरीला. तोवर जनावर झालं की मंत्र बंद. अठरावी चढलात की जनावराच्या अंगात राहूनही मंत्र म्हणता येतात. मग मोठ्या जनावराची गरजच उरत नाही. लहान, न दिसणारं, पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडं चालणारं रूप घ्यायचं आणि आतून मंत्र टाकायचे.

पुस्तकात नियम आहे की तुमच्या माणसानं पाहिलेल्या जनावराचंच रूप घेता येतं. आखणीवाल्यानं तो आमच्यासाठी कडक केला. "तुझ्या भगतानं नाय, तू पायलेलं पायजे. मोबाईलवर नाय. कुठं पायलंस आणि काय करत व्हतं, ते सांगायचं." सांगितलं की तो शाडूचं बोटभर जनावर करायचा, आणि पटलं तरच त्याचे डोळे काढायचा. डोळे नसतील तर रूप नाही. अस्वल, वाघ, सिंह सगळे पहिल्याच दिवशी गेले. आगीचं रूप मागितलं तेव्हा म्हणाला, "होळी सांगू नको. अंगावर आलेली आग सांग." मामाच्या पेंढ्याची उडवी पेटली होती ती सांगितली, तेव्हा कुठं दिलं. मला मिळाली ती म्हैस, घोरपड, बगळा, रानडुक्कर, खाडीतली खेकडी चिंबोरी, आणि निवटी. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा आमच्याकडचा बोटाएवढा मासा. त्याच्यावर मेडिकलवाला वर्षभर हसला. "रस्सा कर त्याचा," म्हणायचा.

आणि पाणमांजर. ते मी पाहिलेलं नव्हतं.

खोटं बोलायचं असं ठरवून मी बोललो नव्हतो. लहानपणापासून बाबांच्या तोंडून ऐकत आलो होतो. बाबांनी जन्मभर मिठागरावर काम केलं. ते सांगायचे, धरमतरच्या खाडीला आमच्या बांधाच्या उघाडीपाशी पाणमांजर बसलं होतं, पुढच्या दोन पायांत मासा धरून डोक्याकडून खात होतं, आणि माणूस बघून पळालंसुद्धा नाही. उघाडी म्हणजे खारबंदिस्तीच्या बांधातली फळ्यांची दारं. ओहोटीला आतलं पाणी सोडायचं, भरतीला खारं पाणी अडवायचं. मी आखणीवाल्याला शब्दन् शब्द तेच सांगितलं. फक्त 'बाबांनी' गाळलं. आमच्या खाडीकाठच्या घरांतून हे चालतंच. आज्यानं फोडलेला बांध बाप "आम्ही फोडला" म्हणून सांगतो, आणि बापानं पकडलेला मासा पोरगा हात पसरून दाखवतो. कोणी विचारत नाही की तू तेव्हा जन्मला होतास का. आखणीवाल्यानं डोळे मिटून ऐकलं आणि त्या पाणमांजराचे डोळे सगळ्यात सुंदर काढले. लगेच ते माझ्या हातात ठेवलं, त्याच्या बोटांना रंग तसाच. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो.

पुढची सगळी वर्षं मी भगत त्याच रूपाभोवती बांधला. अठराव्या पायरीला पोचलो तेव्हा ते रूप म्हणजेच माझा भगत झालं होतं. आणि त्याच सुमारास मास्तरणीची बदली झाली, लांब, रविवारी येता येणार नाही अशी. म्हणजे शेवटची एकच बैठक उरली. आखणीवाल्यानं शेवट मांडून ठेवला होता. खाडीतला एक किल्ला, आतल्या राजानं बांध घालून सगळं खारफुटीचं रान वाळवलेलं. आतून उघाडी उघडायची आणि समुद्र परत आणायचा. आत शिरणार कोण? पाणमांजर. तिघांनी मिळून तसा बेत केला होता. मेडिकलवाल्यानं तर नकाशा काढून फोनवर पाठवला, त्यावर पाणमांजराचं चित्र.

त्या आठवड्यात मला सेकंड शिफ्ट होती. गाडीत डोळे मिटले की ते शाडूचे डोळे दिसायचे. हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, चाळिशी ओलांडलेला माणूस, घरात गॅस संपलाय, आणि मला चिंता मातीच्या मांजराची. पण लाज वाटत होती ती खरी होती. नऊ वर्षं ज्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवून डोळे काढले, त्याच्यासमोर शेवटच्या दिवशीही खोटंच खेळायचं? वाटलं, रविवारच्या आत एकदा पाहून टाकू. म्हणजे उशिरानं का होईना, खरं होईल.

गुरुवारी सकाळी बाबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. म्हटलं, "बाबा, ते पाणमांजर कुठं पाहिलं होतंत, ती जागा दाखवा."

बाबांनी मळलेली तंबाखू ओठात धरली. "मी कुठं पायलाय? माझ्या बापानं पायला."

मला खरंच राग आला. "लहानपणापासून सांगताय की!"

"सांगतोय तर. माझा बाप सांगायचा, मी सांगतो. त्यात काय झालं?"

"मग 'मी पाहिलं' कशाला म्हणायचं?"

"तू काय म्हनलास लोकांना?" बाबांनी विचारलं.  मग मी सगळं सांगितलं, खेळ, नियम, डोळे. बाबा या खेळाला पोरखेळ म्हणतात, त्यामुळं हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. बोटाची तंबाखू झाडली. "म्हंजे दोघंबी लबाड," एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले.

रविवारी मी फासा हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं. मेडिकलवाला हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मास्तरीण हसली नाही. "दोनदा माझा चोर त्या मांजरानं पाण्यातून ओढून काढलाय," ती म्हणाली. "आज शेवटच्या दिवशी सांगताय? मग कधीच सांगायचं नव्हतं." तिचं बरोबर होतं.  आखणीवाल्यानं पाटावरचं पाणमांजर उचललं, ब्रश धुवायच्या बादलीशी गेला आणि आत सोडलं. शाडू विरघळायला वेळ लागतो. आम्ही चौघं बघत बसलो. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे यार, एवढं काय. तो तसं म्हणाला नाही, आणि त्याचं मला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

मग परत येऊन बसला आणि विचारलं, "आता काय व्हतोस?"

मी म्हटलं, "निवटी."

कोणी हसलं नाही. ओहोटीची वेळ निवडली. पाण्यातून काही येईल म्हणून राजाचे पहारेकरी भरतीलाच उभे राहायचे, ओहोटीच्या चिखलाकडं कोण बघतो? चिखलावरनं सरकत उघाडीपर्यंत गेलो. फळीच्या कडेच्या मातीत चिंबोरीनं केलेलं भोक असतं, आमच्या बांधाला ते मी हातानं बुजवलेलं आहे, त्यामुळं आखणीवाल्यानं लगेच मान्य केलं. आत शिरलो. लपलो. भरती येईपर्यंत थांबलो आणि निवटीच्या अंगातूनच मंत्र टाकून फळ्या उपटल्या. समुद्र आत आला. पुढं बोटभर मासा त्या लोंढ्यासमोर किती टिकणार? त्याचा जीव पहिल्याच धक्क्याला गेला. मूळ अंगात आलो तो पाण्याखाली. त्या अंगात काही शिल्लक नव्हतं, सगळे मंत्र दारावर खर्च झाले होते. फासा टाकला. तीन पडले.

चोर आणि तलवारवाला वाचले, रान हिरवं झालं, भगत वाहून गेला. पाणमांजर असतं तर पोहून निघालो असतो, हे चौघांनाही ठाऊक होतं. माणूस मेला की त्याची जनावरं विरघळवायची, या रीतीप्रमाणं माझी सगळी जनावरं बादलीत गेली. निघताना मास्तरणीनं मला एक पेन दिलं, भांडण मिटल्यासारखं. आखणीवाल्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी खिशात कोंबलं. घरी जाऊन पाहिलं, तर नवं पाणमांजर, ओलं. डोळ्यांच्या जागी नुसतीच माती.

मला वाटलं इथं संपलं. पण घरी बाबांचं सुरू झालं होतं. ते रोज पहाटे उठून उघाडीवर जाऊन बसू लागले. पंचाहत्तरीचा माणूस, गुडघे धरलेले. आई चिडायची, "म्हातारपणात खूळ लागलाय." मी विचारलं तर म्हणाले, "माझा बाप खोटा नव्हता. आपन दोघं खोटं ठरलो." महिनाभर गेले. रोज आले की मी नजरेनं विचारायचो आणि ते मान हलवायचे, नाय.

शेवटी म्हणाले, "तू बी चल. नुसता माझाच पायलेला परत चालायचा नाय तुमच्या खेलात."

सेकंड शिफ्ट करून आलो होतो. जेमतेम चार तास झोपलो आणि त्यांच्यामागून बांधावर गेलो. खिशात ते बिनडोळ्यांचं पाणमांजर. ओहोटी लागत होती. पलीकडं जेट्टीला बार्ज उभा होता. आम्ही उघाडीच्या दगडावर शेजारी शेजारी बसलो. बाबा म्हणाले, "बोलू नको आता." मी पाण्याकडं बघत राहिलो. दोन बगळे उतरले. फळ्यांमधून पाणी एका सुरात गळत होतं.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं. माझं डोकं बाबांच्या खांद्यावर होतं आणि त्यांचा हात माझ्या कपाळाखाली, आधाराला लावलेला.

"आला व्हता," बाबा म्हणाले.

मी ताडकन उठलो. "आणि उठवलं नाहीत?"

"दमलेला दिसलास."

 नऊ वर्षं, भगत, ती बादली, सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि रडूही आलं, ते मी तोंडावरून हात फिरवून आवरलं. मग सवयीनं, नियमाप्रमाणं विचारलं, "कुठं होतं? काय करत होतं?"

बाबांनी अवघडलेला हात हळूहळू सरळ केला. "नीट नाय पायला," ते म्हणाले. "शेपटी तेवढी दिसली, फलीच्या त्या अंगाला. तुझी मान सारखी पडत व्हती बाला, ती धरून बसलो व्हतो."